निर्देशिका-सर्व्हरचे प्रतिकरण : आज्ञापंक्तीच्या साधनांनी दुसरी प्रत उभारण्याचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

कोणत्याही शिक्षणसंस्थेत माणसांची नोंद ठेवणारे एक मूळ दप्तर असते. विद्यार्थी कोण, अध्यापक कोण, ग्रंथालयात कोणास प्रवेश आहे, प्रयोगशाळेतील संगणकावर कोणास काम करता येते, या सर्व प्रश्नांचे उत्तर शेवटी त्या दप्तरातूनच मिळते. संगणकाच्या जगात या दप्तरास निर्देशिका असे म्हणतात आणि ते सांभाळणाऱ्या यंत्रणेस निर्देशिका-सर्व्हर. हे दप्तर वाचले जाते फार आणि बदलले जाते थोडे. दिवसातून हजारो वेळा परवलीचा शब्द तपासला जातो. नवी नोंद मात्र प्रवेशाच्या हंगामात होते आणि जुनी नोंद कोणी संस्था सोडून गेला म्हणजे काढली जाते. वाचन विपुल आणि लेखन विरळ, या एका वैशिष्ट्यावरच पुढील सर्व विवेचन अवलंबून आहे.

असे दप्तर एकाच ठिकाणी असणे हे त्याचे मोठे वैगुण्य होय. तो एक सर्व्हर बंद पडला की टपाल, ग्रंथालय, परीक्षा-विभाग आणि प्रयोगशाळा ही सर्व खाती एकाच वेळी खोळंबतात. कारण त्या त्या खात्याची यंत्रे चालू असली तरी समोर आलेला माणूस कोण, हे त्यांस कळेनासे होते. म्हणून त्या दप्तराची दुसरी, सतत अद्ययावत राहणारी प्रत अन्यत्र ठेवणे आवश्यक ठरते. या व्यवस्थेस प्रतिकरण म्हणतात. ओपन-एलडॅप या मुक्त संगणक-प्रणालीच्या आधारे, केवळ आज्ञापंक्तीवरील साधने वापरून, असे प्रतिकरण कसे उभारावे आणि ते करताना कोणते तत्त्व ध्यानी ठेवावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. कृष्णाकाठचे उदाहरण

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित रचना गृहीत धरली आहे. एका संस्थेचे मुख्य केंद्र कराड येथे आहे व दुसरे केंद्र सांगली येथे. मूळ निर्देशिका कराडच्या सर्व्हरवर असून तिची प्रत सांगलीस ठेवावयाची आहे.

ही निवड केवळ नकाशावर बोट ठेवून केलेली नाही. कराड हे कृष्णा आणि कोयना यांच्या संगमावरचे गाव. येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० साली स्थापन झाले. ते कृष्णेच्या पैलतीरी विद्यानगर भागात आहे, म्हणजे गाव आणि विद्यासंस्था यांमध्ये नदी आणि तिच्यावरील पूल आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेला कोयनेचा भूकंप आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये व २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेस आलेले महापूर या परिसराच्या स्मरणात आहेत. ज्या प्रदेशात यंत्रशाळेत पाणी शिरणे किंवा तार तुटणे ही केवळ कल्पना नव्हे, तेथे दुसऱ्या प्रतीचा विचार हा चैनीचा विषय राहत नाही.

तथापि येथेच एक सावधगिरीची सूचना करणे इष्ट होईल. सांगली हे त्याच कृष्णेवर, कराडच्या खालच्या अंगास वसलेले शहर आहे. जे पाणी आज कराडास आले ते पुढे सांगलीस जाणारच. तेव्हा दोन सर्व्हर दोन शहरांत ठेवले एवढ्याने दोन संकटे वेगळी होत नाहीत. सांगलीची प्रत पूररेषेच्या वर, उंच भागातील इमारतीत आणि तळमजला सोडून ठेवली तरच तिला दुसरी प्रत म्हणता येईल. नाही तर ती एकाच संकटाची दोन ठिकाणे ठरते.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

निर्देशिकेची आंतरराष्ट्रीय मानके १९८८ साली एक्स-५०० या नावाने प्रसिद्ध झाली. ती व्यापक होती, पण चालविण्यास जड होती. तिच्याकडे जाण्याचा एक हलका मार्ग म्हणून एलडॅप हा संकेत पुढे आला व त्याचे पहिले विवरण १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. या संकेताच्या प्रारंभीच्या विकासात अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचा वाटा मोठा होता. तेथील कामाच्या पायावर १९९८ मध्ये ओपन-एलडॅप हा प्रकल्प सुरू झाला.

आरंभी या प्रणालीत प्रतिकरणाचे काम स्लर्पडी नावाचा एक स्वतंत्र कार्यक्रम करीत असे. मूळ सर्व्हरवर झालेला प्रत्येक बदल तो एका नोंदवहीतून वाचून प्रतीकडे ढकलीत असे. यातील दोष असा की प्रतीची वास्तविक स्थिती काय आहे याची चौकशी होत नसे. मध्ये एखादा बदल गळला तर पुढील सारे बदल चुकीच्या पायावर बसत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या सिंक या मानकाने विचाराची दिशाच उलटी केली. आता प्रत स्वतः मूळ सर्व्हरकडे जाते, आपण कोठपर्यंत आलो आहोत ते सांगते आणि पुढचे मागते. ओपन-एलडॅपच्या २·४ या आवृत्तीत जुना कार्यक्रम काढून टाकण्यात आला व ही नवी पद्धतीच एकमेव राहिली. तिला सिंकरेपल असे म्हणतात. तिच्यात मूळ सर्व्हर हा दाता व प्रत ठेवणारा सर्व्हर हा ग्राही होय.

४. बदलाची मोहोर

आपण कोठपर्यंत आलो आहोत हे ग्राहीने सांगावयाचे, तर त्यास मोजपट्टी हवी. ती मोजपट्टी म्हणजे प्रत्येक बदलास लावलेली सीएसएन नामक मोहोर. तिचे चार भाग असतात : सेकंदाच्या दशलक्षांशापर्यंत मोजलेला काल, त्याच क्षणी झालेल्या बदलांचा अनुक्रम, ज्या सर्व्हरवर बदल झाला त्याचा क्रमांक आणि बदलाचा उपक्रमांक. प्रत्येक नोंदीवर तिच्या शेवटच्या बदलाची मोहोर असते. आणि संपूर्ण वृक्षाच्या मुळाशी सर्वांत अलीकडची मोहोर कॉन्टेक्स्ट-सीएसएन या गुणधर्मात ठेवलेली असते. याखेरीज प्रत्येक नोंदीस एक कायमचा ओळख-क्रमांक असतो. नोंदीचे नाव बदलले तरी हा क्रमांक बदलत नाही.

महसुली दप्तराशी परिचय असणाऱ्यास ही रचना अपरिचित वाटणार नाही. गावच्या दप्तरात सातबाऱ्याच्या उताऱ्यावर जमिनीची चालू स्थिती असते आणि गाव नमुना सहा या फेरफार नोंदवहीत त्या स्थितीपर्यंत नेणारे बदल क्रमांकाने मांडलेले असतात. सातबाऱ्यावरील फेरफार-क्रमांक पाहून उतारा कोणत्या बदलापर्यंत आलेला आहे हे जाणता सांगू शकतो. दोन उतारे समोर ठेवले असता त्यांतील नवा कोणता, हा वाद क्रमांकावरून मिटतो. सीएसएन हा निर्देशिकेचा फेरफार-क्रमांक होय. फरक एवढाच की फेरफार माणूस तपासून प्रमाणित करतो, तर येथे दात्याने स्वीकारलेला बदल तत्क्षणी प्रमाणित धरला जातो, चुकीचा बदलही.

५. दात्याची सिद्धता

उभारणीपूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. दोन्ही सर्व्हरांवर ओपन-एलडॅपची एकच आवृत्ती असावी. दोहोंवरील स्कीमा, म्हणजे नोंदींचा आराखडा, एकच असावा. आणि दोहोंची घड्याळे जाळ्यावरील प्रमाणवेळेशी जुळलेली असावीत. मोहोर कालावर आधारलेली असल्यामुळे घड्याळाची चूक ही येथे दप्तराची चूक ठरते.

यानंतर दात्यावर चार कामे करावयाची असतात. ही सर्व एल-डॅप-मॉडिफाय व एल-डॅप-अॅड या आज्ञांनी सर्व्हरच्या संरचना-वृक्षात बदल करून होतात. सर्व्हर थांबवावा लागत नाही.

पहिले, सिंकप्रॉव्ह हे मॉड्यूल चढवून ते मूळ माहितीसाठ्यावर आवरण म्हणून बसवावे. त्यास दोन मोजमापे द्यावी लागतात : किती बदलांनी वा किती मिनिटांनी कॉन्टेक्स्ट-सीएसएन साठ्यात लिहावा आणि सत्र-नोंदवहीत किती बदल स्मरणात ठेवावेत. दुसरे, मोहोर व ओळख-क्रमांक या दोन गुणधर्मांवर सूची तयार करावी; नाही तर ग्राहीच्या प्रत्येक विचारणेस संपूर्ण साठा चाळावा लागेल. तिसरे, केवळ प्रतिकरणासाठी एक स्वतंत्र खाते निर्माण करावे आणि त्यास संपूर्ण वृक्ष वाचण्याची, परवलीच्या शब्दांच्या गुणधर्मासह, परवानगी द्यावी. चौथे, त्या खात्यापुरती शोधाची मर्यादा काढून टाकावी.

शेवटच्या दोन कामांत पुष्कळ उभारण्या फसतात, म्हणून त्यांचा अधिक खुलासा आवश्यक आहे. ओपन-एलडॅप एका विचारणेस सामान्यतः ५०० नोंदींपर्यंतच उत्तर देते. मर्यादा काढली नाही तर चाचणीच्या लहान निर्देशिकेवर सर्व काही सुरळीत दिसते आणि प्रत्यक्ष कामात प्रतिकरण अडते. परवानगीचा दोष याहून सूक्ष्म आहे. खात्यास परवलीचा शब्द वाचता येत नसेल तर सर्व्हर तक्रार करीत नाही. तो ते गुणधर्म गाळून नोंद पाठवितो. ग्राहीवर नोंदी मोजल्या तर संख्या बरोबर येते, नावे बरोबर येतात आणि तरीही एकाही विद्यार्थ्यास प्रवेश मिळत नाही. हा दोष बहुधा दाता बंद पडेल त्या दिवशीच उघडकीस येतो, म्हणजे नेमक्या ज्या दिवसासाठी प्रत ठेवली त्या दिवशी.

६. पहिली प्रत आणि ग्राहीची जोडणी

ग्राही रिकामा ठेवून जोडला तरी तो संपूर्ण वृक्ष जाळ्यावरून ओढून घेतो. लहान निर्देशिकेस हा मार्ग पुरेसा आहे. मोठ्या निर्देशिकेसाठी मात्र पहिली प्रत हातानेच नेणे सोयीचे. दात्यावर स्लॅपकॅट ही आज्ञा दिली असता संपूर्ण साठा साध्या मजकुराच्या स्वरूपात एका फायलीत उतरतो. सध्या प्रचलित असलेल्या एमडीबी या साठ्याच्या प्रकारात त्यासाठी सर्व्हर थांबवावा लागत नाही. या फायलीत मोहोरा व ओळख-क्रमांकही येतात, आणि तेच महत्त्वाचे आहे. ही फाइल सांकेतिक मार्गाने ग्राहीवर न्यावी; तीत परवलीच्या शब्दांची रूपे असल्यामुळे काम होताच ती नष्ट करावी. ग्राहीवरील सर्व्हर थांबवून स्लॅपअॅड या आज्ञेने ती साठ्यात चढवावी. ही आज्ञा सर्व्हर चालू असता देऊ नये. शिवाय ती प्रशासकाच्या अधिकाराने दिल्यास निर्माण झालेल्या फायली प्रशासकाच्या मालकीच्या होतात व सर्व्हर स्वतःच्या खात्याने सुरू होताना त्या उघडू शकत नाही. म्हणून मालकी बदलून मगच सर्व्हर सुरू करावा.

आता ग्राहीच्या संरचनेत सिंकरेपलचे एक विधान घालावयाचे असते. त्यात पुढील गोष्टी येतात : या जोडणीचा क्रमांक, दात्याचा पत्ता, प्रतिकरण-खात्याचे पूर्ण नाव व परवलीचा शब्द, वृक्षाचा कोणता भाग घ्यावयाचा, जोडणीचा प्रकार, आणि पुनःप्रयत्नाचा क्रम. जोडणीचे दोन प्रकार आहेत. एकात ग्राही ठराविक कालाने येऊन विचारणा करतो व निघून जातो. दुसऱ्यात तो एकदा अद्ययावत झाल्यावर मार्ग उघडाच ठेवतो आणि दात्यावर बदल होताच तो त्याच्याकडे येतो. ज्यास कराडात काढले त्यास सांगलीत क्षणभरही प्रवेश राहू नये असे वाटत असेल तर दुसरा प्रकारच निवडावा. पुनःप्रयत्नाच्या क्रमात, उदाहरणार्थ, ‘प्रथम ६० सेकंदांच्या अंतराने १० वेळा, नंतर ३०० सेकंदांच्या अंतराने अखंड’ असे सांगता येते. यातील ‘अखंड’ हे चिन्ह विसरल्यास काही तासांच्या खंडानंतर ग्राही कायमचा गप्प बसतो. मार्ग सांकेतिक असणे व दात्याचे प्रमाणपत्र तपासणे या दोन्ही अटी सक्तीच्या कराव्यात. ऐच्छिक ठेवलेली सुरक्षा अडचणीच्या वेळी आपोआप वगळली जाते.

अखेरीस ग्राहीस दात्याचा पत्ता निर्देश म्हणून द्यावा. ग्राहीवर कोणी बदल करू गेल्यास तो बदल स्वीकारला जात नाही. उत्तरादाखल परिणाम-क्रमांक १० आणि दात्याचा पत्ता मिळतो.

७. पडताळा

जोडणी झाली हे सर्व्हर सुरू झाल्यावरून सिद्ध होत नाही. एल-डॅप-सर्च या आज्ञेने दोन्ही सर्व्हरांच्या मुळाशी असलेला कॉन्टेक्स्ट-सीएसएन वाचावा व दोन मोहोरा शेजारी ठेवाव्यात. त्या एकरूप असतील तर प्रत अद्ययावत आहे. नसतील तर दोहोंतील कालाचा फरक पाहून ग्राही किती मागे आहे याचा अदमास येतो. त्यानंतर दात्यावर एखाद्या चाचणी-नोंदीचा दूरध्वनी-क्रमांक बदलून तो ग्राहीवर दिसतो की नाही ते पाहावे. आणि शेवटी, ज्याचा विसर सर्वांस पडतो ते, चाचणी-खात्याच्या नावाने ग्राहीवर एल-डॅप-हू-अॅम-आय ही आज्ञा परवलीचा शब्द देऊन चालवावी. पाचव्या प्रकरणात वर्णिलेला गुप्त दोष या एका आज्ञेने पकडला जातो. मोहोरांची तुलना दर पाच मिनिटांनी आपोआप व्हावी व फरक वाढल्यास सूचना मिळावी, अशी योजना असावी.

८. खंडानंतरची भेट

जाळे तुटून पुन्हा जोडले जाते तेव्हा काय घडते हे जाणणे उपयुक्त आहे. ग्राही आपली शेवटची मोहोर दात्यास सांगतो. त्याहून अलीकडील मोहोर असलेल्या सर्व नोंदी दाता पाठवितो. पण काढून टाकलेल्या नोंदींचे काय ? जी नोंद राहिलीच नाही तिच्यावर मोहोर कोठून असणार ? मधल्या काळातील बदल सत्र-नोंदवहीत सामावले असतील तर दाता काढलेल्या नोंदींचे ओळख-क्रमांक सांगतो. खंड दीर्घ असेल व नोंदवही अपुरी पडली असेल तर तो उलट मार्ग धरतो : न बदललेल्या सर्व नोंदींचा हजेरीपट वाचतो, आणि ज्यांचे नाव पटात आले नाही त्या नोंदी ग्राही स्वतःकडून काढून टाकतो.

या दुसऱ्या मार्गात एक धोका दडलेला आहे. मधल्या काळात कोणी प्रतिकरण-खात्याची वाचण्याची परवानगी चुकून संकुचित केली असेल, तर जे त्या खात्यास दिसत नाही ते पटात येत नाही आणि ग्राही ते नाहीसे झाले असे समजतो. म्हणून परवानग्यांत बदल करण्यापूर्वी प्रतिकरण-खात्याच्या नावाने नोंदी मोजून पाहण्याची शिस्त ठेवावी.

साध्या सिंकरेपलमध्ये एका नोंदीतील एक गुणधर्म बदलला तरी ती संपूर्ण नोंद पाठविली जाते. ३,००० विद्यार्थ्यांच्या एका गटाची नोंद घ्यावी. प्रत्येक सभासदाचे पूर्ण नाव ६० अक्षरांचे धरल्यास ती नोंद १,८०,००० अक्षरांची होते. एक विद्यार्थी वाढला तर बदल ६० अक्षरांचा, पण प्रवास १,८०,००० अक्षरांचा. प्रवेशाच्या दिवसांत हा भार जाणवतो. यावर डेल्टा-सिंकरेपल हा उपाय आहे. त्यात दाता बदलांची स्वतंत्र नोंदवही ठेवतो आणि ग्राही त्या नोंदवहीतून केवळ बदल उचलतो. म्हणजे सातबारा पुन्हा न उतरविता फेरफार तेवढा पाठविला जातो. नोंदवही अपुरी पडल्यास तो आपोआप साध्या पद्धतीवर येतो.

९. दोन दाते ठेवावेत काय ?

कराड बंद असताना सांगलीत नवी नोंद करता येत नाही, हा या रचनेतील उघड उणेपणा होय. दोन्ही सर्व्हरांस दाता करणेही शक्य आहे. त्यासाठी प्रत्येकास वेगळा सर्व्हर-क्रमांक देऊन दोहोंवर परस्परांकडे पाहणारी सिंकरेपलची विधाने घालतात. तथापि यातून नवा प्रश्न उद्भवतो. एकाच नोंदीवर दोन्हीकडे बदल झाल्यास ज्याची मोहोर अलीकडची तो टिकतो. कराडचे घड्याळ चार मिनिटे पुढे आहे असे धरावे. खऱ्या दहा वाजता कराडात बदल झाला; त्यावर दहा वाजून चार मिनिटांची मोहोर बसली. खऱ्या दहा वाजून दोन मिनिटांनी सांगलीत त्याच नोंदीत दुरुस्ती झाली. दुरुस्ती नंतरची असूनही तिची मोहोर आधीची ठरते, आणि दुरुस्ती नाहीशी होते. साध्या सिंकरेपलमध्ये हा निवाडा संपूर्ण नोंदीपुरता होत असल्याने दोघांनी वेगवेगळे गुणधर्म बदलले असले तरी एकाचे काम बुडते.

म्हणून मध्यम मार्ग असा की दोन दाते सिद्ध ठेवावेत, पण एका वेळी लेखन एकाकडेच जावे आणि तो बंद पडल्यासच दुसऱ्याकडे वळवावे. निर्देशिकेत लेखन विरळ असते, हे आरंभी सांगितलेच आहे. काही तास नवे प्रवेश थांबले तर संस्थेचे फारसे बिघडत नाही. नोंदींत विसंगती शिरली तर ती शोधण्यात महिने जातात.

१०. मर्यादा

प्रतिकरणाविषयी तीन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. प्रत ही राखीव साठवण नव्हे. कराडात कोणी चुकीने संपूर्ण शाखा पुसली तर सांगलीत ती क्षणात पुसली जाते; प्रतिकरण जितके चोख, तितकी ही चूक जलद पसरते. रोज रात्री स्लॅपकॅटने उतरविलेली प्रत तिसऱ्या ठिकाणी ठेवणे म्हणूनच अपरिहार्य आहे.

दुसरे, चुकीच्या परवलीच्या शब्दांची मोजणी ग्राहीवर स्थानिकच राहते. पाच चुकांनंतर खाते बंद करण्याचा नियम असेल तर दोन सर्व्हरांवर मिळून हल्लेखोरास दहा प्रयत्न मिळतात. ग्राहीवरील चुका दात्याकडे पाठविण्याची योजना स्वतंत्रपणे करावी लागते.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. तार तुटलेली असता ग्राही आपल्या शेवटच्या ज्ञानावर उत्तरे देत राहतो, आणि तेच त्याच्याकडून अपेक्षित आहे. पण त्याच अवधीत कराडात कोणाचा अधिकार काढून घेतला गेला असेल तर सांगलीत तो मनुष्य अधिकारी म्हणूनच वावरतो. ग्राही खोटे सांगत नाही. त्यास नवे वर्तमान कळलेले नाही. उपलब्धता आणि ताजेपणा या दोहोंपैकी प्रतिकरणाने उपलब्धता पत्करलेली आहे. जेथे ताजेपणावाचून चालणार नाही, उदाहरणार्थ परीक्षेचे गुण नोंदविण्याचे काम, तेथे ग्राही ठराविक मर्यादेपलीकडे मागे पडताच ते काम स्थगित करण्याचा नियम संस्थेने आधीच लिहून ठेवावा. हा निर्णय कोणतीही आज्ञापंक्ती करू शकत नाही. तो पूर येण्यापूर्वी, शांत चित्ताने, माणसांनीच करावयाचा असतो.